पानावर उरलेलं पडवळ

खालापूर, ता. ४ ऑगस्ट १९४६

ती. गं. भा. द्वारकाअक्काचे चरणी शरच्चंद्राचा शि. सा. न. वि. वि.

अक्का, आधी खाली बस. मामलेदार कचेरीतली कारकुनी सोडून मला आचारी व्हायचंय. प्रश्न एवढाच, की शिकायचं कुणाकडे? कर्जत स्टेशनवरच्या उपाहारगृहातला गोव्याचा खानसामा मला घ्यायला तयार आहे. तो दर उकळीला चमच्याने चाखून बघतो. उलट खोपोलीचे हरी आचारी सोवळ्यात रांधतात, नैवेद्याआधी जिभेला काही लावत नाहीत. मग मीठ कसं कळतं, असं विचारलं तर म्हणाले, वर्षभर माझ्या पंगतीची उष्टी काढ, मग कळेल. उष्ट्यात काय कळणार? पण तेव्हापासून चैन पडत नाही.

अप्पांच्या होकाराशिवाय मी राजीनामा देणार नाही. तू शब्द टाकून बघ. आशीर्वाद आणि लिंबाचं लोणचं, दोन्हींची वाट पाहतो.

तुझा शरद

कर्जत, ता. ११ ऑगस्ट

चि. शरद यास अ. उ. आ.

पत्र अप्पांना वाचून दाखवलं. आपण लोकांना जेवू घालतो, मजुरीने रांधत नाही, एवढं बोलून ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

हरीभाऊंचं मात्र खरं आहे रे. कपाळ पुसून माहेरी परत आले, तेव्हापासून या घरची उष्टी मीच काढते. तोंडाने सगळे छान म्हणतात, खरं काय ते पानावर उरतं. अप्पांनी पडवळाला कधी नाव ठेवलं नाही, पण दर वेळी कडेला सारलेलं असतं. तुला यासाठी गुरू करावा लागतो, आम्हा बायकांना ही विद्या फुकट मिळते.

पुढच्या आठवड्यात अप्पांची साठीशांत आहे. हरीभाऊंनाच बोलावते. रेशनमुळे पानं मोजकीच असतील. पडवळ तू कर. बघू या काय होतं ते.

तुझी अक्का

खालापूर, ता. २३ ऑगस्ट

ती. अक्कास शि. सा. न.

पडवळात भिजवलेली हरभऱ्याची डाळ घातली आणि न चाखता उतरवलं. मग उष्टी काढायला वाकलो आणि काय गंमत सांगू. शेजारच्या मास्तरांनी ढेकर देऊन वाहवा केली होती, पण आमटी कालवलेला भात पानाखाली दडवलेला. उष्टी खोटं बोलत नाहीत हे पटलं. तिथेच ठरवलं, शिकायचं ते हरीभाऊंकडे.

पण अप्पांच्या पाटाशी आलो तर पुढे पानच नाही. ते स्वतःच उचलून मागे घेऊन गेले होते. माझा हात त्यांच्या उष्ट्यालाही नको. फार लागलं गं ते. निरोप न घेताच खोपोलीच्या गाडीत बसलो, रागावू नकोस. माझी कारकुनीच बरी.

शरद

कर्जत, ता. २७ ऑगस्ट

चि. शरद यास अ. उ. आ.

वेड्या, विचारायचं तरी. आपली शेणगोठा करणारी सोमी तेव्हा गोठ्यातच होती. तिने अप्पांना हटकलं, की तुमी कशाला उचलताय, पोरगा हाय नं. त्यावर ते म्हणाले, त्याच्या आईने त्याला कधी खरकट्याला हात लावू दिला नाही, मी कसा लावू देऊ? मी गोठ्यामागे जाऊन पान पाहिलं. पडवळाची एक फोड नव्हती, डाळसुद्धा बोटाने पुसून घेतलेली.

तुझं पत्र दाखवल्यावर म्हणाले, राजीनामा सुवाच्य अक्षरात लिही म्हणावं, आणि त्या हरीला म्हणावं, पोराला नीट शिकव.

एक सांगायचं राहिलं. अप्पा आता रोज आपलं ताट आपणच उचलतात. काल मी माझं उचलत होते, तर त्यात डोकावून म्हणाले, द्वारके, तुलाही पडवळ आवडत नाही होय?

मला कधीच आवडलं नाही, शरद. आजवर कुणी विचारलं नव्हतं.

लोभ आहेच, पंगतीतल्या तुपासारखा वाढत राहो.

तुझी अक्का