शोचूचं माप

शनिवार, १४ मार्च, दिवेलागणीला

कवितानं जपानहून आणलेली बाटली आज परत काढली. शोचू म्हणतात तिला, रताळ्याची दारू. रताळ्याची म्हणजे उपासाला चालेल, असं मी म्हटलं तेव्हा पोरगी हसून हसून खाली बसली होती. सुट्टीचे बारा दिवस रोज संध्याकाळी आम्ही दोघी मायलेकी ओट्याशी. शोचू, कोकमाचं आगळ, साखर, वरून सोडा. मी चिमूटभर मीठ टाकलं तर म्हणाली, "आई, जपानी लोक रडतील!" आणि मग दोन पेले प्यायली.

आज एकटीनं केलं. मीठही टाकलं. चव तीच, पण पेला तसाच ओट्यावर ठेवला. काय करणार, लावला फोन.

"कविता, शोचू किती घालायची गं?"

"अगं, चौथ्यांदा विचारतेस!" तरी तिनं सगळं माप सांगितलं. "आता लिहून ठेव."

"बरं. जेवलीस?"

"हो. ठेवू?"

"ठेव."

माप पाठ आहे मला. चौथी शिकले म्हणून काय विसरभोळी झाले? एवढी वही भरते, त्यात एक ओळ जड नाही. पण लिहिणार नाही. लिहिलं तर उद्या फोन कशासाठी करू?