न प्यालेलं पाणी

अव्वा, काल तुझ्या आजाराबद्दल डॉक्टरीणबाईंना शेवटी विचारलंच. माझी लघवीची तपासणी स्वच्छ आली, ती काळजी नको. पण ज्या आईनं आयुष्यात तंबाखू मळली नाही, तिच्या मूत्राशयात कॅन्सर का व्हावा? त्या म्हणाल्या, "एकच कारण दाखवता येत नाही. पाणी कमी पिण्यानं धोका वाढतो का, यावर एकमत नाही. पाण्यातच काही वाईट असेल तर वाढतो. त्यांच्या शाळेतलं पाणी कुणी तपासलं होतं?" कोण तपासणार? शिव्या घालायला मला एक माणूस हवा होता, तेवढाही मिळाला नाही.

वळसंगच्या पलीकडच्या त्या शाळेत तू एकवीस वर्षं शिकवलंस. हापशाचं पाणी मचूळ, आणि बाईमाणसाला संडास नाही. सकाळी अर्धा कप चहा, मग सोलापुरात घरी परत येईपर्यंत ओठाला पाणी लावायचं नाही. तू मुख्याध्यापकांकडे संडास मागितलास तर म्हणाले, "बाई, मागं ज्वारी उभी हाय की, आडोसा लई." ज्वारी काढल्यावर कुठं जायचं, ते त्या शहाण्यानं सांगितलं नाही. तू हे हसत सांगायचीस, अव्वा, आणि त्या हसण्याचा मला अजून राग येतो. वर तेच वळण मला लावलंस. मैंदर्गीला मावशीकडे निघालो होतो, स्टँडवर मी घटाघटा पाणी पीत होते. तू तांब्या हिसकावलास. "पोरीच्या जातीनं इतकं प्यायचं न्हाई. वाटेत कुटं बसशील?" दहा वर्षांची होते मी. अजूनही गाडीत बसायचं असलं की घसा आपोआप मिटतो.

तू आता नाहीस, हे तुला पोचणार नाही, म्हणूनच पुढचं लिहिता येतंय. तू भाकरी थापते आहेस, माझ्याकडे पाठ करून. हळूच म्हणतेस, "लाल जातंय गं. दोनदा झालं. दुखत न्हाई पण." मी बीएस्सीला, घरातली सायन्स शिकलेली. पुस्तकातून मान वर न करता म्हणते, "दुखत नाही ना? मग उष्णतेनं होत असेल. पाणी पीत जा की जरा." तू "व्हय" म्हणालीस आणि रात्री धने-जिरे भिजत घातलेस. पुढं आठ महिने तो विषय काढला नाहीस.

काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांनी वेळेवर कुणाला तरी सांगायला हवं होतं." मी म्हणाले, "हो ना. घरात कुणालाच बोलली नाही ती."