उभी बाई

माय,

टेकडीवरचं गवत यंदा माझ्या डोक्याच्या वर गेलं आहे. तू असतीस तर आधी खूश झाली असतीस आणि मग सावध. मीही दिवाळीपर्यंत खूशच होते. आता सकाळी टेकडीकडे तोंड करून चहा प्यायला नको वाटतं. वारा नसताना मधूनच गवताचा एक पट्टा हलतो, आणि दिवसभर भांडणारे सातभाई पक्षी एकाएकी गप्प होतात.

तुझ्या वेळी टेकडी बोडकी होती. सगळ्या गावाची जनावरं तिच्यावर, त्यामुळे गवत उरायचं ते नाल्याच्या काठानं, कमरेएवढं. ते कापायला तुम्ही साऱ्या बाया मिळून जायच्या. वाटेत मोहाखाली वाघदेवाचा दगड आहे, तिथं कोलामांच्या बाया थांबून हात जोडायच्या. आपल्या घरात आजोबांनी धम्माची दीक्षा घेतल्यापासून कुणी दगडापुढं हात जोडले नाहीत. तू म्हणायचीस, "तुमी हात जोडा, मी बोलतो." मग बाकीच्या उकिडव्या बसून कापायच्या आणि तू खडकावर उभी राहून मोठमोठ्यानं बोलत राहायचीस. कुणाचा जावई किती भाकरी खातो, कुणाची सासू झोपेतही कशी सुनेला नावं ठेवते. एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: मी तिथंच खेळते आहे, सगळ्या हसत आहेत, विळ्यांचा आवाज येतो आहे, आणि फ्रॉकमध्ये शिरलेलं कुसळ काढायला मी खाली बसते. तू खडकावरून उतरून माझ्या पाठीत धपाटा घालतेस. "बसू नोको म्हनलं ना! बसलेला मानूस बकरीवानी दिसते त्याले." मी रडले ते माराइतकंच त्या अन्यायानं, कारण वाघ मी पाहिला नव्हता आणि तूही नाही. संध्याकाळी प्रत्येकीनं आपल्यातली पेंढी तुला दिली. विळा न चालवताही तुझा भारा सगळ्यांइतकाच भरला.

तू गेल्यावर त्या टेकडीवर, ती फोडून खडी विकायला, गिट्टीखदानवाल्यांचा डोळा होता. टेकडीच्या मालकानं मात्र ती गावाला दिली, आणि ती सांभाळायला गावानं ट्रस्ट केला. मी नुकतीच पदवी घेऊन आले होते, घरातली पहिली. सगळ्यांनी काम माझ्यावर सोपवलं. आम्ही उतारावर चर खणले, चराई बंद केली. ढोरक्यांनी मला ज्या शिव्या दिल्या त्या तुलाच शोभल्या असत्या. पण पाणी मुरलं, गवत उठलं, त्यात चरायला रोही आले, रानडुकरं आली. शिकल्याचं काहीतरी झालं, असं मला पहिल्यांदा वाटलं.

गवत वाटायचं कसं, यावर बायांची सभा झाली. तुझ्यामागंही कुणी ना कुणी खडकावर उभी राहायचीच. नव्या सुनांनी विचारलं, "उभी राहून भारा नेते ते कायले? इथं कोनता वाघ बसला हाय?" जी कापेल तिचं गवत, असं ठरलं. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही, याचं मला कौतुकच वाटलं. तेव्हापासून उभं कुणी राहत नाही.

तुझ्या मैत्रिणीची, शेजारच्या काकींची, गाय परवा चरात सापडली, अर्धी खाल्लेली. वनरक्षकानं ओल्या मातीतला पंजा पाहिला आणि म्हणाला, वाघच आहे, झरीकडच्या जंगलातून आला असेल, थोडे दिवस कुणी वर जाऊ नका. पण गवत पिकलं आहे. आता थांबलं तर कुसळं झडतील आणि जनावरं तोंड लावणार नाहीत. बायांनी उद्याच जायचं ठरवलं. आज सकाळी मी दुरून पाहिलं, चरात गाय नव्हती. काल रात्रीतून त्यानं ती गवतात ओढून नेली आहे. ओढल्याची वाट सरळ नाल्याकडं जाते, जिथं आधी विळा लागणार आहे.

हे सांगायला मी काकींच्या ओसरीवर गेले. बाया विळे घासत बसल्या होत्या.

"म्हंजे पोट भरलं त्याचं," काकी म्हणाल्या. "आता मायी गाय खाऊन कोन आमच्यासारख्या चिपाडाले हात लावते?"

मी म्हटलं, नाहीच थांबत तर निदान एकीनं उभं राहा, तिला पूर्ण भारा देऊ.

"फुकटी म्हनवून कोन घेईन?" एक सून म्हणाली. "अन् माया भारा कमी दिसला का सासू दारातच इचारते, दिवसभर काय करून राह्यली होतीस?"

काकी हसल्या. "तूच राह्य न वो साहेबीन. पन मायसारखं तोंड हाय काय तुयं?"

सगळ्या हसल्या. मी हो म्हटलं. चौकात खदानवाल्यांची माणसं बसून असतात, उद्या काही झालं तर टेकडी ते सोडणार नाहीत, हे मला कळतं. पण दुपारपासून टेकडीचा विचार डोक्यात येतच नाही. समोर येतात त्या गवतात वाकलेल्या पाठी.

काकींचं खरं आहे, माय. मला तुझ्यासारखं बोलता येत नाही. सभेत मी मुद्दे सांगते, मुद्दे संपले की खाली बसते. खडकावर तसं चालायचं नाही. आवाज थांबला की खाली उरतात फक्त बसलेल्या बाया आणि गवत. आत्ता उन्हं टेकडीवरून उतरत आहेत आणि सातभाई पुन्हा गप्प झाले आहेत.

हे लिहायला बसले तेव्हा वाटलं, तुला सगळं कळवावं म्हणून लिहिते आहे. तसं नाही. मला उद्या मोठ्यानं बोलायला काहीतरी हवं होतं. हा कागद कुठं जायचा नाही, माझ्याबरोबर खडकावर येईल. बायांचं कापणं व्हायच्या आत तो संपला, तर पुन्हा वरपासून सुरू करीन.