विजयकमान

३ मार्च
अंगणाच्या मधोमध भिंत उभी राहिली. आता पलीकडे राहणाऱ्या धाकट्या भावाचं तोंड बघायला नको. भिंत होऊ नये म्हणून त्याने माझ्या कानाचा लचका तोडला. मी फावड्याने त्याचे पुढचे दात पाडले. कान शिवता येतो, दात शिवता येत नाहीत. म्हणजे विजय माझा. बायको म्हणते, दोघांची सत्तरी उलटली, लाज धरा. तिला युद्धातलं काय कळतं.

५ मार्च
विजय झाला की कमान बांधतात. भिंतीच्या मध्यावर बांधणार. गवंडी म्हणाला, काका, कालपरवा तर भिंत घातली, लगेच भगदाड कशाला? अडाणी आहे.

१२ मार्च
कमान झाली. जरा कलली आहे, पण रुबाब आहे. वर भावाचे दात कोरायला सांगितले होते, गवंड्याने दाढा कोरल्या. चालेल. धाकट्याने पाहिल्या आणि वीट फेकली. कपाळाला टाके. म्हणजे कमान लागू पडली.

१४ मार्च
जावई आले. कॉलेजात इतिहास शिकवतात. म्हणाले, मामा, भिंतीत असतो तो दरवाजा. विजयकमान सुटी, एकटी उभी असते. ती काही अडवत नाही, काही राखत नाही. जिंकलेला माणूस तिच्याखालून मिरवत जातो, एवढंच तिचं काम. मी विचारलं, कमरेइतकी भिंत ठेवली तर? नाही चालणार म्हणाले. जेवण गेलं नाही.

१५ मार्च
भिंत पाडली. अर्धी गवंड्याने, अर्धी मी. घण अंगठ्यावर बसला, नख गेलं. भिंतीसाठीच रक्त सांडलं होतं हे खरं. पण भिंत काय, कोणीही बांधतो. कमान आता एकटी उभी आहे. आता खरी.

१६ मार्च
धाकटा मोकळ्या बाजूने थेट माझ्या ओट्यावर आला. काठीने माझा हात मोडला. मी त्याच्या पोटरीला कडकडून चावलो. त्याला आता तसं चावता येत नाही, ही माझी जमेची बाजू. बायकोने आणि भावजयीने मिळून आमच्यावर बादल्या ओतल्या, कुत्र्यांवर ओततात तशा. नंतर दोघी ओट्यावर बसून चहा प्यायल्या. फितुरी.

१९ मार्च, सकाळी
आज मिरवत जाणार. कोट घातला. प्लास्टरमुळे एक बाही लोंबती. कानाला पट्टी, कपाळाला पट्टी. योद्धा दिसतो.

दुपारी
कमानीत दोरी बांधून भावजयीने ओल्या चादरी वाळत घातल्या होत्या. दोरी आमच्या हिने दिली. चादरी काढ म्हटलं, विजेत्याला जायचं आहे. ती म्हणाली, भाऊजी, बाजूने या ना, सगळं मोकळंच तर आहे.
बाजूने गेलो.
धाकटा खाटेवर पोटरी धरून बसला होता. म्हणाला, बस.
बसलो. उभं राहवत नव्हतं.