संध्याकाळची भूक

आत्या,

तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली, की तुला प्रत्यक्ष पाहिलेली मी एकटीच उरले आहे. मागच्या आठवड्यात नातवाला नोकरी लागली म्हणून आम्ही सगळे इथल्याच एका मोठ्या हॉटेलात जेवायला गेलो होतो. जेवण बरं होतं, मुलं खूश होती. वाढणाऱ्याने समोर ताट ठेवलं मात्र, आणि मी अशी थिजून बसले की सुनेने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का म्हणून. मला बरं वाटत होतं. फक्त ती दुसरी संध्याकाळ डोळ्यांपुढे उभी राहिली होती. तिच्याबद्दल तुझ्याशी नीट बोलणं कधी झालंच नाही. आणि तू गेल्यावर घरात जे झालं ते तुला कळायला वाव नव्हता. म्हणून आज लिहायला बसले.

दादा मुंबईहून वकिलीची सनद घेऊन आला ते दिवस. दिवाळी नुकतीच सरली होती, बोटी सुरू झाल्या होत्या, आणि गावात सहभोजनांवरून घरोघरी वाद चालले होते. दादा ओटीवर बसून तावातावाने बोलायचा, की माणसाने माणसाबरोबर जेवायला कसला विटाळ. बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. ते कचेरीत शिरस्तेदार, देवस्थानच्या पंचांमधले एक, आणि गावात आपल्याला मान आहे हे ते घरातही विसरत नसत. मांडवीच्या रस्त्याला माडीवर तेव्हा एक नवं हॉटेल निघालं होतं. संगमरवरी टेबलं, मुंबईहून आणवलेल्या खुर्च्या, भिंतीवर माणसाएवढे आरसे, आणि कचेरीतले साहेब तिथे चहाला जातात अशी ख्याती. सनदेचा आनंद तिथेच साजरा करायचा असं दादाने धरूनच ठेवलं. बाबांनी आधी नाही म्हटलं, मग चौकशी केली. मालक ब्राह्मण, आचारी ब्राह्मण, पाणी भरणारासुद्धा ब्राह्मण, एवढं कळल्यावर ते तयार झाले. दादा म्हणाला, आत्याशिवाय मी जायचा नाही, मला तिने वाढवलंय. त्यावर बाबा म्हणाले, येऊ दे की, बसेल घटकाभर, समुद्र बघेल.

तू तिथे काही खाशील हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. आईच्याही नाही, माझ्याही नाही. आम्हाला तू माहीत होतीस ती एवढीच: लग्न झालं नि वर्षाच्या आत नवरा गेला, म्हणून कळायच्या वयाआधीच माहेरी परत आलेली, लाल आलवण नेसणारी, डोक्यावरून पदर घट्ट ओढून पहाटे विहिरीवर आंघोळ करून सोवळ्याने सगळ्या घराचा स्वयंपाक करणारी. तू दिवसातून एकदा जेवायचीस, तेही सगळ्यांचं झाल्यावर. संध्याकाळी आम्हाला वाढायचीस आणि मग मागच्या पडवीत माळ घेऊन बसायचीस. फार तर कपभर दूध, कधी एखादं केळं. आत्याला संध्याकाळी लागत नाही, असं आम्ही म्हणायचो. तुला भाताबरोबर वरण लागत नाही असं म्हणावं, तितक्या सहज.

त्या संध्याकाळी आपण छपराच्या बैलगाडीतून गेलो. आईने नथ घातली होती, बाबांनी जरीकाठी उपरणं घेतलं होतं. ऊन अजून उतरायचं होतं, आणि माडीवरच्या पश्चिमेच्या खिडक्यांतून सगळा समुद्र त्या आरशांत आला होता. तू खुर्चीवर कधी बसली नव्हतीस. पाय जमिनीला नीट टेकेनात म्हणून तू अगदी काठावर बसलीस, पाटावर बसावं तशी ताठ. पलीकडच्या टेबलाशी दादाच्याच कोर्टातले दोन वकील चहा घेत होते. त्यांनी उठून बाबांना नमस्कार केला आणि दादाचं अभिनंदन केलं. बाबांचा चेहरा इतका उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. दादाने इंग्रजीत छापलेला कागद वाचून काय काय मागवलं, आणि मग आम्ही वाट बघत बसलो. पुष्कळ वेळ कोणी फिरकेना. आलं ते सूप कोमट, त्याला कच्च्या पिठाचा वास. कटलेटं वरून करपलेली, आत बटाटा टचटचीत. पुऱ्या चिवट. दादा उगाच मोठमोठ्याने बोलत होता, आई काट्याला बोट न लावता पदराआडून एकेक घास तोंडात टाकत होती, आणि कौतुकाने आणलेली सगळी माणसं एकमेकांची नजर चुकवत होती.

वाढप्याने पाचवी ताटली तुझ्यासमोर ठेवली तेव्हा बाबा म्हणाले, त्यांना नको, त्या खात नाहीत. त्याने ताटली उचलायला हात घातला.

"राहू दे," तू म्हणालीस. "मला हवंय."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. बाबांनाही तसंच वाटलं असणार, कारण ते हसले. मग तू ताटली दोन्ही हातांनी जवळ ओढलीस आणि त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. पलीकडच्या वकिलांचं बोलणं थांबलं. बाबा अगदी हळू आवाजात म्हणाले, "अक्का, तू काय करत्येस ते कळतंय ना तुला?"

"कळतंय. मला भूक लागल्येय." तू त्यांच्याकडे सरळ बघत होतीस. "रोज या वेळेला लागते. लहानपणापासून लागते. तुम्ही कोणी विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही."

आत्या, मी तेव्हा सोळा वर्षांची होते, आणि अजून मला दुसरं कुठलंही वाक्य मनावर असं आदळलेलं आठवत नाही. तू बाहेरचं खातेस, विधवा असून चारचौघांत खातेस, याचा धक्का होताच, नाही कशाला म्हणू? पण तो मागाहून पोचला. आधी पोचली ती भूक. मी जन्मापासून रोज संध्याकाळी तुझ्या हातचं जेवले होते. माझ्या पानात तू भात वाढत होतीस, तूप घालत होतीस, आणखी घे गो बाय म्हणत होतीस, आणि त्या प्रत्येक वेळी तुला भूक लागलेली होती. पानात भात टाकला की तू रागवायचीस. एवढ्या एकाच गोष्टीला तू रागवायचीस. आम्हाला वाटायचं, तुला अन्नाची फार किंमत.

तू हाताने कटलेट मोडलंस, खाल्लंस. घाई केली नाहीस. पुरी खाल्लीस, सूप वाटीसारखं तोंडाला लावून प्यायलीस. आम्ही चौघं बघत होतो. सगळं संपल्यावर तू पदराने तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "मीठ कमी आहे. आणि तेल जुनं आहे." दादा हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. बाबा उठले. कोणाकडे न बघता जिना उतरून खाली गेले. आई एकदा तुझ्याकडे आणि एकदा जिन्याकडे बघत राहिली, मग तीही उठली. घरी येताना बाबा गाडीत बसलेच नाहीत, पुढे पुढे पायी चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी आईकडून निरोप दिला, की प्रायश्चित्त घेईपर्यंत तू स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही आणि तुझ्या हातचं पाणीही घरात कोणी प्यायचं नाही. एकाच घरात राहून बहिणीला निरोप. गावभर बोभाटा झालेला होताच, ते वकील काही गप्प बसणारे नव्हते. मला बाबांचं नवल वाटलं नाही. माझा सगळा भरवसा दादावर होता. तो बाबांशी भांडेल, ओटीवर बोलायचा तसं तोंडावर बोलेल, असं धरून मी दाराआड उभी होते. दादा मागच्या पडवीत तुझ्यापाशी आला. उभ्याउभ्याच म्हणाला, "आत्या, नावापुरतं घे. एक घोट पंचगव्याचा, त्यात काय एवढं? माझी आत्ता कुठे सुरुवात आहे."

तू त्याच्याकडे बघितलंस. अंगावर खेळवलेल्या मुलाकडे बघावं तसंच बघितलंस, रागाने नाही. "तुझी सुरुवात आहे हे खरं," एवढंच म्हणालीस. हॉटेलात बसलेला धक्का परवडला, असं मला त्या दाराआड वाटलं. तिथे निदान काहीतरी मोठं घडत होतं. इथे एक शिकलेला, चांगल्या मनाचा माणूस मान खाली घालून चपला शोधत होता.

प्रायश्चित्त तू घेतलं नाहीस. भूक लागली म्हणून जेवले, त्याचं कसलं प्रायश्चित्त, असं आईला म्हणालीस, आणि आई डोळे पुसत आत गेली. काही दिवस तू पडवीत वेगळी चूल मांडून राहिलीस, मग खाडीपलीकडे पावस गावी मावसबहिणीकडे जायचं ठरवलंस. तीही एकटीच, आंबा आणि नारळीचं थोडं आगर सांभाळून असलेली. भाट्याच्या खाडीपर्यंत मी तुला पोचवायला आले होते. तरीच्या होडीत चढताना तुझं गाठोडं मी हातात दिलं. तू रडशील असं मला वाटत होतं, आणि तू म्हणालीस, आता संध्याकाळी दोघींचा भात लावायचा, ती म्हणाल्येय तसं. होडी निघाली तरी तू माझ्याकडे बघत होतीस, आणि तुझ्या तोंडावर जे होतं त्याला हसूच म्हणायला हवं.

पुढल्या आंब्याच्या दिवसांत आईने मला चार दिवस तुझ्याकडे पाठवलं, बाबांना न सांगता. तू अंगाने भरली होतीस. दिवेलागणीला तुम्ही दोघी आणि मी, तिघी ओळीने बसतो आहोत. मऊ भात, कुळथाचं पिठलं, वर तूप. तू सावकाश जेवतेस, मध्ये थांबून बहिणीशी कलमांबद्दल बोलतेस, पुन्हा भात घेतेस. मी माझं जेवण विसरून तुझ्याकडे बघत राहते आणि तू म्हणतेस, जेव गो, निवतंय. मी तुला जेवताना पाहिलेली शेवटची वेळ ती. दोन पावसाळे गेले आणि तापाचं निमित्त होऊन तू गेलीस. निरोप आला तो सगळं आटोपल्यावरच. बाबांनी विहिरीवर जाऊन आंघोळ केली, सुतक पाळलं.

तुला सांगायचं ते पुढेच आहे. सुतक फिटलं त्या संध्याकाळी आईने पान वाढलं. बाबा पाटावर बसले, चित्राहुती घातल्या, पहिला घास उचलला आणि तोंडाशी नेऊन खाली ठेवला. म्हणाले, "या वेळेला..." आणि पानावरून उठले. त्यानंतर ते जगले ती सगळी वर्षं त्यांनी संध्याकाळचं जेवण घेतलं नाही. आई लोकांना सांगायची, पित्ताचा त्रास आहे. दादाचं घर वेगळं झालं, त्याची वकिली चालली, तो यायचा-जायचा. त्यालाही पित्तच सांगितलं, आणि त्याने ते मानलं. बाबा ओटीवर अंधारात बसून राहायचे आणि आत आम्ही जेवायचो.

लग्नानंतर एकदा माहेरपणाला आले होते तेव्हा मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. आतून फोडणीचा वास येत होता. मी विचारलं, बाबा, तुम्हाला या वेळेला भूक नाही का लागत?

"लागते," ते म्हणाले.

मी पुढच्या शब्दाची वाट बघत बसले. तुझं नाव काढतील, चुकलो म्हणतील, निदान अक्का एवढं तरी म्हणतील. काही म्हणाले नाहीत. आईने आतून हाक मारली आणि मी उठून जेवायला गेले. त्यांच्या पोटात त्या वेळी जे चाललं होतं ते नेमकं काय, हे मला कोणाला समजावून सांगता येईल असं वाटत नाही. मनात येतं, तू जिवंत असताना बाबा खाडी ओलांडून एकदा तुझ्याकडे आले असते, तुझ्या पंक्तीला बसून दोन घास खाल्ले असते, तर एवढ्या उपासांची गरजच पडली नसती. कधी वाटतं, ते तेवढंच करू शकत होते. आणि कधी नुसताच राग येतो, की तुझी भूकसुद्धा त्यांनी शेवटी स्वतःकडे घेतली, आणि पित्ताचं ऐकूनही लोकांनी त्यांना विरक्तच म्हटलं.

हे कागद तुला पोचणार नाहीत, आणि घरात कोणाला दाखवण्यासारखे नाहीत. उद्या बंबात घालीन. एक मात्र कबूल करते. लिहायला बसले ती बाबांच्या वतीने तुझ्याकडे रदबदली करावी म्हणून. इतकी पानं झाली, आणि ते काही मला जमलं नाही.