मागे पडणारा दगड

११ जाने., लोणार
लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्राचं उत्तर आलं. पुन्हा नापास. तिन्ही रात्रींच्या जागा चुकल्या. गणिताप्रमाणे लघुग्रह जिथे हवा, त्याच्या मागेच दाखवते मी. एकदा नाही, दर वेळी. आणि शाळेत गणित शिकवते! जाऊ दे.
जागा बरोबर निघाल्या तर आमच्या गच्चीला निरीक्षणाचं ठिकाण म्हणून नंबर मिळेल. मला तो हवाच आहे. पडलेल्या दगडाचा खड्डा बघायला जग लोणारला येतं. इथून वर बघून एका तरी दगडाचा पत्ता कळवू की.

१२ जाने.
गच्चीभर तूर वाळत घातलेली, दुर्बिणीला पाय ठेवायला जागा नाही. दिलीप वर आला. "काऊन जीव जाळून राह्यली? दगडच हाय ना तो." नवऱ्याशी भांडण्यात अर्धा तास गेला. तरी फोटो तीन.
फोटोंवर वेळ टाकणारा जुना लॅपटॉप बंद केला की वेळ विसरतो. रोज भिंतीवरच्या घड्याळावरून सेकंदाला सेकंद लावून मगच वर नेते. त्यात कसूर नाही. मग चुकतंय कुठे?

१३ जाने.
कालचे फोटो मोजले. मागेच! वही भिरकावली. दगड रोज पुसट होतोय. १६ शेवटची रात्र, पुढे चंद्राचा उजेड आड येणार.

१५ जाने.
सकाळी मेहकरच्या बसमध्ये एकदम लक्षात आलं. घरचं घड्याळ पुढे आहे! माझी बस हुकायची म्हणून आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, कधीतरी सरकवलेलं. रोज सकाळी मी स्वतः अंदाजे दहा मिनिटं वजा करून निवांत चहा पिते. रात्री तेच घड्याळ खरं मानलं. मोबाइल हातात असून! मूर्ख, मूर्ख.
शाळेतून दिलीपला फोन करून ओरडले. संध्याकाळी नक्की किती पुढे ते बघायचं, वेळा दुरुस्त करायच्या, संपलं.
घरी आले तर घड्याळ बरोबर. आई म्हणाल्या, "तुह्यं काम माह्यापायी बिघडलं म्हने. म्या दिलीपच्या मोबाइलवर पाहून लावून टाकलं."
"किती पुढे होतं?"
"थे काई पाह्यलं नाही बाई."
रडूच आलं. त्यांच्यावर काय ओरडणार.
केंद्राच्या आकड्यांवरून उलट मोजलं. अकरा मिनिटांच्या आसपास येतं. तेवढी वजा करून पाठवली तर पास. पण हे त्यांचंच उत्तर बघून माझं लिहिणं झालं. पोरांच्या वह्यांत याच्यावर लाल रेघ मारते मी. चार रात्री खोडल्या.

१६ जाने.
घड्याळ बरोबर, सवय जुनी. दहा मिनिटं वजा केली, चहा प्याले, बस गेली. अर्धी रजा.
दुपारपासून ढग. आजच्या रात्रीचाच काय तो आधार, आणि एका रात्रीवर नंबर देतील की नाही, तेही माहीत नाही. लॅपटॉप मोबाइलवरून लावला. दोनदा ताडून पाहिला.
आईंनी विचारलं, "घडी पुढं करू का वापस? तुही बस..."
करा म्हटलं. पण किती केली ते मागे लिहून ठेवा.
त्यांनी खडूने लिहिलं, १०. मग तूर झाकायला वर गेल्या. आत्ता जिन्यातून हाक आली, "चाल लवकर, जरासं उघडून राह्यलं."
जाते.