झाकलेले वाफे

ता. ५ मे

चि. चिमणीस आजीचे अ. आ.

आधी आली ती तुझी आई, चपला हातात घेऊन, कारण अंगण मी नुकतंच धुतलं होतं. तिच्यामागं तुझा बाप, आणि त्याच्यामागं एक टोपीवाला, बस म्हणायच्या आत बसलासुद्धा. किती दिवसांनी लेकाचे पाय घराला लागले बाई! मला काय करू नि काय नको झालं. चहात साखर दोनदा पडली, तरी टोपीवाला मिटक्या मारत प्यायला.

भाजीच्या वाफ्यांचं तू सांगितलंस तस्संच केलंय हो. माती भुसभुशीत केली, चिंब भिजवली, वर प्लास्टिक ताणून अंथरलं, कडा मातीनं दाबल्या. दुकानदार काळं गळ्यात मारत होता. म्हटलं, माझ्या नातीनं आरपार दिसणारंच सांगितलंय, ऊन आत शिरायला नको का? आता आतली माती तव्यासारखी तापते. गवताचं बी शिजतंय मेलं. शेजारीण म्हणते, मातीला ताप आलाय का, पांघरूण घातलंस ते? म्हटलं, उरलं तर तुझ्या तोंडावर घालते.

लहानपणी वाफ्यांकडं ढुंकून न बघणारा तुझा बाप काल वाकवाकून बघत होता. टोपीवाल्यानं तर फीत काढून लांबी-रुंदी मोजली, इतकं कौतुक! प्लास्टिक कधी काढणार, विचारलं. म्हटलं, पंधरवड्यानं. तर म्हणाले, त्याच्या पुढच्या रविवारी येतो. माझी माती बघायला गं!

वेळेवर जेवत जा. आजीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

ता. १२ मे

ती. आजीस शि. सा. न.

तुझं पत्र वाचून हसले, आणि टोपीवाल्यापाशी आल्यावर घास अडकला. बाबांना फोन केला. आजी, तो गवंडी आहे. वाफ्यांच्या जागी फरशी घालून बाबांच्या नव्या गाडीसाठी शेड बांधायची आहे, त्यांच्या घरी गाडीला जागा नाही म्हणे. बाबा म्हणाले, आईनंच बाग बंद केली, झाकून ठेवलीय बघ. मी सांगितलं, ते तण मारायला आहे, पुन्हा पेरण्यासाठी. तर म्हणाले, बरंच झालं, आमची साफसफाई वाचली. माझ्या आईचं म्हणणं, तुझ्या गुडघ्यांना आराम.

मी खूप भांडले. पण घर त्यांच्या नावावर आहे, हे त्यांनी दोनदा ऐकवलं. तुला आधी कळावं म्हणून लिहिते. माझ्यावर तरी लोभ राहू दे.

तुझी चिमणी

ता. २४ मे

चि. चिमणीस अ. आ.

अडकलेला घास पाण्यानं उतरव. फीत दिसली तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण लेक दारात आला की आई आंधळी होते. घर त्याच्या नावावर मीच केलं, आपलाच लेक म्हणून. आता त्याच्या फरशीसाठी जमीनही मीच साफ करून दिली. गुडघ्यांचं म्हणशील, तर ते किती वर्षं कुरकुरतायत. लेकाला ऐकू आले ते गाडी घेतल्यावर.

तुझी युक्ती मात्र नामी हो! सोमवारी प्लास्टिक काढलं, तर माती काळीभोर, मऊ, एक काडी नाही. कडेचा लव्हाळा तेवढा प्लास्टिक टोचून वर आलाय. इतकं शिजवलं तरी मेला नाही. उपटायला वाकले, नि हसू आलं, राहू दिला. खोल खणलं तर खालचं बी वर येतं, असं तू बजावलं होतंस, म्हणून बोटानंच रेघा ओढल्या आणि मुळा पेरला. शेजारीण म्हणाली, फरशीखाली मुळे कोण खाणार? म्हटलं, तापलेली माती रिकामी ठेवायला मी काय गवंडी आहे?

आज दोन-दोन पानं वर आलीत. तुझा बाप लहानपणी मुंगीसुद्धा ओलांडून जायचा. आता ओलांडतो का बघू. गवंड्याला चहा देईन, साखर एकदाच.

तुझा लोभ आहे, तो दुसऱ्या कुणाच्या नावावर करू नकोस.

तुझी आजी

ता. क. उद्या रविवार. सकाळीच येतो म्हणालेत.